अनोळखी शंख : मित्र की भक्षक?

दुर्ग-भिलाईसारख्या समुद्रापासून दूरच्या भागात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय कृत्रिम समुद्री मिठावर चालते. मात्र बाहेरून आणलेल्या सजीव खडकांबरोबर न मागवलेले शंखही येतात. ते दिसताच काढून टाकण्याची घाई नडते. कारण ट्रोकस, टर्बो यांसारखे शेवाळ चरणारे शंख म्हणजे मत्स्यालयाचे बिनपगारी सफाई कामगारच.

प्रथम शंखाचे तोंड पाहावे. पुढच्या टोकाला खाच किंवा लांब पन्हळ असल्यास संशय घ्यावा. तीतून बाहेर येणाऱ्या नळीने पाणी आत ओढून म्युरेक्ससारखे मांसाहारी शंख भक्ष्याचा माग काढतात. गोल, सलग कडेचे तोंड बहुधा शाकाहाऱ्याचे. तथापि या नियमावर पूर्ण विसंबू नये. नॅटिकाचे तोंड गोलसर असूनही तो शिंपल्यांचा कट्टर वैरी आहे. उलट सेरिथियम खाच असूनही शेवाळावर जगतो, तर नासेरियस मुख्यतः मृत मांस खातो.

अधिक खात्रीचा पुरावा रिकाम्या शिंपल्यावर सापडतो. नॅटिकाने पाडलेले छिद्र बाहेरून रुंद व आत निमुळते असते, म्युरेक्सचे बहुधा सरळ कडांचे. बहुतेक भक्षक रात्री हिंडत असल्याने दिवे मालवल्यावर विजेरीने पाहणी करावी. संशयित शंख त्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवावा; तांबेयुक्त औषध ओतल्यास उपयोगी शंखही मरतात. शंकूच्या आकाराचा कोनस मात्र हाताने उचलू नये. त्याच्या एका जातीच्या दंशाने माणसे दगावली आहेत.

जात निश्चित करण्यासाठी तोंडाची व पाठीची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या जबलपूर केंद्राकडे विचारणा करावी.