आगोट : भाग ६ – काजूची बी आणि तिचं तेल

गेल्या भागात फणसाच्या आठळ्या माती लावून कोनाड्यात ठेवल्या. आठळी गरीब जात. उकडा, भाजा, तिची तक्रार नाही. काजूच्या बीचं तसं नाही. सात वर्षांचा असताना मी एक ओली बी दातांनी फोडायला गेलो आणि पुढचे चार दिवस ओठ सुजून नाकाला भिडले. आत्या सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावायची आणि दर वेळी तेच विचारायची, "काय रे, गोड होतो गर?"

गर गोडच असतो. पण त्याच्याभोवतीचं टरफल दुपदरी असतं आणि त्या दोन पदरांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांत दाट तेल भरलेलं असतं. अनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल हे त्यातले मुख्य घटक. कातडीला लागलं की फोड येतात, साल निघते. आमच्याकडे त्याला 'उतणं' म्हणतात. बिब्बा उततो तसाच काजू उततो, आणि नवल नाही, कारण काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ज्यांच्या तोंडाला बाधतो त्यांनी काजूपासून जरा जपूनच राहावं. घरी काजू करण्याची जी काही रीत आहे, राख, धूर, खोबरेल, अंगणातली चूल, ती सगळी या तेलाला चुकवण्यासाठी बसवलेली आहे.

सुरुवात झाडाखाली. बोंडू म्हणजे फळ नव्हे, तो फुगलेला देठ. खरं फळ ती खाली लोंबणारी बी. ती आधी पूर्ण वाढते, बोंडू मागाहून फुगतो. म्हणून नुसती मोठी दिसली म्हणजे बी तयार झाली असं नाही. फाल्गुन-चैत्रात पोरं फांद्या हलवायला लागली की आत्या ओरडायची, "झाडाक हात लावू नको, ती आपसूक पडतली." तिचं बरोबर होतं. कोवळी बी वाळल्यावर आत सुरकुतते. शंका असेल तर बादलीभर पाण्यात टाकून बघावं; भरलेली बी तळाला जाते, पोकळ वर तरंगते. पडलेली बी रोजच्या रोज वेचायची, बोंडूपासून पिळून सोडवायची आणि बोंडूचा चोथा बीला चिकटू द्यायचा नाही. त्याच जागी बुरशी धरते.

मग ऊन. दोन-तीन दिवस पातळ पसरायची, दिवसातून दोन-तीनदा हाताने परतायची, आणि दव पडायच्या आत गोळा करायची. वाळली की नाही हे कानाला कळतं. मूठभर बिया हलवल्या की खडखडतात, आणि टरफलात नख रुतत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-७ असेल तर एक बी साधारण १० ग्रॅमची, तिला अर्थातच गावठी बीपेक्षा जास्त ऊन लागतं.

साठवायची असेल तर इथेच थांबा. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर घरात वादही झालेत. साठवावी ती बी, गर नव्हे. देवाने इतका चांगला डबा दिलाय, आतून तेलाने सारवलेला. कीड सहसा त्याच्या वाटेला जात नाही. नीट वाळलेली बी गोणपाटात भरून, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता फळ्यांवर ठेवली तर वर्षभर काही होत नाही. तोच गर काढून ठेवला तर पहिल्या पावसाच्या हवेनेच मऊ पडतो आणि मग खवट वास येतो. गरात जवळजवळ निम्मी चरबीच, ती खवट व्हायला वेळ लागत नाही. घरी एक गोण मागे ठेवून आत्या बाकीची बी व्यापाऱ्याला घालायची. ती गोण आषाढात उघडायची.

भाजणं हे अंगणातलं काम, आणि वारा घराकडून बाहेर वाहत असेल त्याच दिवशीचं. रॉकेलचा जुना डबा उभा कापून, तळाला खिळ्याने भोकं पाडून त्याची कढई करायची. ती परत कुठल्याही अन्नाला वापरायची नाही. तीन दगडांवर चूल, हातभर लांबीची काठी, शेजारी राखेचा ढीग. बी तापली की टरफलातून तेल सुटतं, भोकांतून गळून पेट घेतं, आणि मग जळण तीच पुरवते. ज्वाळा कमरेएवढ्या येतात. धूर डोळ्यांत आणि घशात झोंबतो. पोरांना ओटीवर बसवायचं. काठी चालवत राहायची, टरफल काळं पडून फुगलं की कढई राखेत उलटायची आणि वरूनही राख टाकायची. आग विझते, सुटलेलं तेल राख पिते. हा क्षण साधला नाही तर दोन्हीकडून नुकसान. लवकर काढली तर टरफल चामड्यासारखं चिवट, उशीर केला तर गर करपलेला.

फोडताना बी कडेवर उभी धरायची आणि लाकडी दांड्याने हलका ठोका. आडवी ठेवून घाव घातला की पाकळ्याच होतात. हाताला राख फासलेली असते तरी संध्याकाळी बोटं काळी. तांबूस साल तशीच ठेवली तर चव वेगळी, तुरटसर, मला तीच आवडते. पांढरा गर हवा असेल तर थोडं ऊन दाखवून चोळायचं. चार किलो बीतून गर जेमतेम किलोभर मिळतो, त्यातला पावभर फोडणाऱ्यांच्याच तोंडात जातो.

कारखान्यात हा सगळा तमाशा नाही. तिथे बी वाफेवर उकडतात, थंड करून पायाने चालवायच्या यंत्रावर चिरतात, बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या खोलीत, गर सुकवून साल काढतात. मग प्रतवारी. पाकिटावर ३२० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर, म्हणून आकडा लहान तितका काजू मोठा. दिसायला देखणा असतो. धुराचा वास मात्र त्याला नसतो, आणि तो नसला की आमच्या घरात काजू आणलाय असं कुणी मानत नाही.

भाजून उरलेच तर कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, फ्रीजमध्ये. खायच्या आधी तव्यावर मंद आंचेने दोन मिनिटं फिरवले की कुरकुरीतपणा परत येतो. तुकडे वेगळ्या बरणीत ठेवा, ते आधी खवट होतात. त्यांची सोय आमटीत.

ओल्या काजूगरांबद्दल मुद्दामच लिहिलं नाही, कारण ते साठवायचे नसतातच. माघात टरफल घट्ट व्हायच्या आत कोयतीने चिरायचे, टोकदार काडीने गर उकरायचा, कोमट पाण्यात टाकून साल काढायची आणि त्याच दुपारी नारळाच्या वाटणात उसळ. चिरणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं त्या महिन्यात निघालेली असतात. बाजारात त्या वाट्याचा भाव ऐकून कुणी कुरकुरलं की मला ती बोटं आठवतात.

झाडाखाली राहून गेलेल्या बीला पावसात कोंब फुटतो. तो टरफल ढकलून वर आला की आत्या उपटून धुऊन आमच्या हातावर ठेवायची. तोपर्यंत माझे ओठ बरे झालेले असायचे. पुढच्या भागात बोंडू : तो एका दिवसात सडतो, त्याचं काय करायचं ते.