युनिक्सचे बिऱ्हाड हलवताना

'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो. लिहिताना मात्र २ आधी येतो. बोललेल्या क्रमाने एकाने आकडे लिहिले आणि दुसऱ्याने नेहमीप्रमाणे वाचले, तर २५ चे ५२ होतील! एका प्रोसेसरवरची कार्यप्रणाली दुसऱ्यावर नेताना असाच घोळ होतो. संख्येचा मोठा भाग मेमरीत आधी ठेवायचा की लहान, याबाबत प्रोसेसरांचे एकमत नाही. दोन-दोन अक्षरांची अशी उलटापालट झाली की यू-एन-आय-एक्सचे एन-यू-एक्स-आय होते. जाणकार या घोटाळ्याला 'नक्सी' म्हणतात.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी रचलेली युनिक्स एकाच यंत्राच्या भाषेत होती. १९७३ मध्ये ती 'सी' भाषेत पुन्हा लिहिली गेली, म्हणून तिचे बिऱ्हाड हलवता येऊ लागले. बहुतेक भाग कंपायलर नव्या यंत्राच्या भाषेत उतरवतो. घड्याळाचे ठोके मोजणे, एक काम थांबवून दुसरे सुरू करणे, एवढा थोडा भाग हाताने लिहावा लागतो. त्यातच महिने जातात.

उपकरणांत बसवायच्या छोट्या बोर्डांवर आणखी एक अडचण असते. मोठ्या संगणकात मेमरी-व्यवस्थापक नावाचे मंडल असते. शाळेत प्रत्येक तुकडीचा हजेरी क्रमांक १ पासून सुरू होतो आणि कोणत्या तुकडीचा 'सात' कोण, हे कार्यालयाला ठाऊक असते, तसेच हे. प्रत्येक आज्ञावलीला वाटते, क्रमांक आपल्यापुरतेच आहेत. स्वस्त प्रोसेसरांत हे कार्यालयच नसते; सगळ्या शाळेला एकच हजेरीपट! मग युनिक्सची 'फोर्क' ही सोय, म्हणजे चालू आज्ञावलीची हुबेहूब प्रत काढणे, जमत नाही. प्रतीतला 'सात'ही मूळच्याच सातकडे बोट दाखवतो. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सचे असे रूप, युक्लिनक्स, १९९८ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० कुळातील प्रोसेसरवर चालले. त्यात 'व्हीफोर्क' वापरतात: नवी आज्ञावली मार्गी लागेपर्यंत जुनीने थांबून राहायचे. २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीत ही सोय मूळ लिनक्समध्येच आली.

संरक्षण मात्र नाहीच. आमचा एक बोर्ड तासन्‌तास नीट चाले आणि मध्येच तापमानाचे भलतेच आकडे दाखवून गोठे. आम्ही तापमान मोजणारी आज्ञावली ओळ न् ओळ तपासली, तारा बदलल्या, वीजपुरवठाही बदलला. दोष शेजारणीचा निघाला. प्रत्येक आज्ञावलीला तात्पुरत्या हिशेबासाठी 'स्टॅक' नावाची ठरावीक जागा मिळते. आम्ही वेगळे न सांगितल्याने ती ४,०९६ बाइट होती. क्वचित घडणाऱ्या चुकांची नोंद करणारी आज्ञावली नोंदीच्या वेळी सहा हजार बाइट मागे आणि हद्द ओलांडून शेजारी लिही. स्वतः ती सुखरूप. मरे ती तापमानाची! मेमरी-व्यवस्थापक असता, तर तिला दुसरीच्या जागेत हातच घालता आला नसता.

स्टॅक १६ केबी केला. तेव्हापासून तो बोर्ड गोठलेला नाही.