हाडाआधी मांस

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे उसाच्या ट्रॉलीखाली कुणाचा पाय सापडून नडगीचं हाड बाहेर आलं, की नातेवाईक आधी विचारतात, रॉड कधी टाकणार? एक्स-रेमध्ये हाडच दिसतं, त्यामुळे हे साहजिकच आहे. पण असा पाय वाचणार की महिनोन्‌महिने पू वाहणार, हे मुख्यतः भोवतालचं मांस आणि कातडी ठरवतात. चिरडलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो. जिथे रक्त नाही तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही, आणि शेतातल्या मातीचे जंतू मेलेल्या मांसात फोफावतात. नडगीवर पुढच्या बाजूला तर कातडीखाली लगेच हाडच असतं. म्हणून मेलेलं मांस निर्दयपणे कापून काढणं, गरजेप्रमाणे बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाड स्थिर करणं आणि उघडं हाड जिवंत मांसाने लवकर झाकणं, हा क्रम मला रॉडच्या घाईपेक्षा मोलाचा वाटतो. सर्जन मार्को गोडिना यांनी १९८६ साली ५३२ रुग्णांचा अनुभव मांडला: ७२ तासांत फ्लॅपने, म्हणजे रक्तपुरवठा असलेल्या जिवंत मांसाच्या तुकड्याने, जखम झाकलेल्यांत जंतुसंसर्ग १.५ टक्के, तर त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत झाकलेल्यांत १७.५ टक्के. उशीर झालेल्यांच्या जखमा मुळातच वाईट असतील, ही शंका रास्त आहे; तरी एवढी तफावत दुर्लक्षून चालणार नाही.

यावर आक्षेप येईल की फ्लॅप करणारा सर्जन प्रत्येक तालुक्यात कुठून आणायचा? खरं आहे. पण पहिल्या तासांतलं काम त्याच्यावाचून अडत नाही. पॅट्झाकिस आणि विल्किन्स यांच्या १९८९ च्या अभ्यासात तीन तासांच्या आत अँटिबायोटिक मिळालेल्यांत संसर्ग ४.७ टक्के होता, उशिरा मिळालेल्यांत ७.४. हे इंजेक्शन आणि धनुर्वाताची लस ग्रामीण रुग्णालयातही देता येते. धुण्यासाठीही महागडं काही लागत नाही: २०१५ च्या मोठ्या चाचणीत साबणाच्या द्रावणापेक्षा साधं सलाईनच सरस ठरलं आणि जोराच्या फवाऱ्याचा वेगळा फायदा दिसला नाही. हाडाआधी मांस हे जखम नसलेल्या फ्रॅक्चरमध्येही खरं: कातडी फुगून चकाकत असेल, फोड आले असतील, तर शस्त्रक्रियेसाठी सूज उतरेपर्यंत थांबणारा डॉक्टर चालढकल करत नसतो.

तेव्हा हळद, तंबाखू, माती जखमेवर लावू नका, बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका, पायाला आधार बांधा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा; आणि पुढे पाठवताना अपघाताची वेळ व दिलेलं इंजेक्शन चिठ्ठीवर लिहून घ्या.