समाजमाध्यम कंपन्यांतील कर्मचारी : अभिमान आणि नैतिक उत्तरदायित्व (विशेष संदर्भ : फेसबुक)

कर्मचाऱ्याला आपल्या संस्थेविषयी वाटणारा अभिमान हा व्यवस्थापनशास्त्रात बहुधा कार्यक्षमतेचा एक घटक म्हणून अभ्यासला जातो. परंतु ज्या संस्थेच्या निर्णयांचा परिणाम कोट्यवधी लोकांच्या सार्वजनिक जीवनावर होतो, तेथे या अभिमानाचे नैतिक स्वरूपही तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात २००४ साली स्थापन झालेल्या आणि २०२१ पासून मेटा हे नाव धारण केलेल्या फेसबुक कंपनीच्या संदर्भात हा विचार केला आहे.

जगातील माणसे जोडणे हे ध्येय या कंपनीने दीर्घकाळ मिरवले. ध्येय उदात्त असले की साधनांची चिकित्सा मागे पडते. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी अँड्र्यू बॉसवर्थ यांनी जून २०१६ मध्ये लिहिलेले अंतर्गत टिपण याचे बोलके उदाहरण होय. या माध्यमाच्या वापरातून कुणाचा जीव गेला तरी माणसे जोडण्याचे काम योग्यच, असा त्याचा आशय होता. मार्च २०१८ मध्ये ते उघड झाले तेव्हा, आपण ते चर्चेला चालना देण्यासाठी लिहिले होते व आपल्यालाही ते मान्य नव्हते, असा खुलासा त्यांनी केला. खुलासा मान्य केला तरी असे टिपण लिहिता येण्याजोगे वातावरण तेथे होते, हे नाकारता येत नाही. त्याच महिन्यात केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण बाहेर आले.

मात्र अभिमान म्हणजे अंधनिष्ठा, असे समीकरण मांडणे घाईचे होईल. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचा चिथावणीखोर मजकूर न हटविण्याच्या निर्णयाविरुद्ध शेकडो कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध नोंदविला. फ्रान्सेस हॉगन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देताना, या माध्यमात माणसातील चांगले ते बाहेर आणण्याची क्षमता आहे असे वाटल्यानेच आपण येथे रुजू झालो, असे सांगितले. कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड करणारी व्यक्ती तिच्या ध्येयावर विश्वास ठेवणारी होती, ही बाब लक्षणीय आहे.

असा विरोध विरळ का, याचे कारण केवळ व्यक्तीच्या भित्रेपणात शोधणे अन्यायाचे आहे. वेतनाचा मोठा भाग समभागांच्या रूपाने मिळत असल्याने कंपनीची वाढ आणि कर्मचाऱ्याची मिळकत एकमेकांत गुंततात. शिवाय कामाची विभागणी इतकी सूक्ष्म असते की अभियंत्यासमोर आकडा असतो, त्यामागचा माणूस नसतो.

तो माणूस, त्याची हिंसा व विकृती दिवसभर पाहण्याचे काम आशय-परीक्षकांकडे असते. या कामामुळे झालेल्या मानसिक आघाताबद्दल अमेरिकेतील परीक्षकांनी दाखल केलेल्या दाव्यात कंपनीने मे २०२० मध्ये ५.२ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तिचा लाभ ११ हजारांहून अधिक परीक्षकांना, प्रत्येकी किमान १००० डॉलर, मिळावयाचा होता. ते फेसबुकचे कर्मचारी नव्हते. कंत्राटदार कंपन्यांच्या वेतनपटावर होते.