पर्सिव्हिअरन्स म्हणजे नुसती चिकाटी का?



मागच्या आठवड्यात एका पालकांनी विचारलं, "मॅडम, पर्सिव्हिअरन्स म्हणजे चिकाटीच ना?" मी हो म्हटलं. पण घरी आल्यावर तो शब्द काही डोक्यातून जाईना.

या शब्दाच्या पोटात एक ओळखीचा शब्द आहे. शेवटचा 'अन्स' काढा, 'पर्सिव्हिअर' राहतो, म्हणजे नेटाने करत राहणे. पुढचा 'पर' काढा, उरतो 'सिव्हिअर'! दुखणं जास्त असलं की डॉक्टर वापरतात तोच. लॅटिनमध्ये 'सेव्हेरस' म्हणजे कडक, गंभीर आणि 'पर' म्हणजे इथे अगदी, पुरेपूर. त्यावरून ठामपणे करत राहणे या अर्थाचं 'पर्सेव्हेरारे' हे क्रियापद झालं. ते फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं.

आता आपले शब्द बघा. चिकाटीत चिकटून राहणं आहे. जिद्द अरबीतून आली, तिच्या मुळाशी विरोध आहे. सातत्यात 'सतत' आहे. कडकपणा मात्र यातल्या एकातही नाही. आणि तो कडकपणा कोणाशी? करणाऱ्याने स्वतःशीच ठेवायचा. आपण मोठी माणसं नेमकं इथेच गडबडतो, कडक आपण होतो आणि चिकाटी मुलाकडून मागतो.

मीही हेच केलंय. चौथीतल्या एका मुलाच्या नोंदवहीत मी "चिकाटी नाही" असं लिहिलं होतं, कारण भागाकार तो अर्धाच सोडायचा. दोनच दिवसांनी हा पठ्ठ्या अख्खी मधली सुट्टी मित्राच्या सायकलची चेन बसवत होता. चेन निसटायची, तो पुन्हा बसवायचा. हात काळे, डबा तसाच. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. वर्गात येऊन मी नोंद खोडली आणि "भागाकारात अडतो" असं लिहिलं. मग खरी अडचण कळली, सातचा पाढा कच्चा होता.

मुलांना हा शब्द सांगताना मंगळावरच्या गाडीपासून सुरुवात करा. १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलेल्या नासाच्या रोव्हरचं नाव हेच आहे, आणि ते सातवीतल्या एका मुलाने निबंध स्पर्धेत सुचवलं होतं. स्पेलिंगमध्ये मुलं हमखास एक 'आर' जास्त घालतात. 'पर' लिहा, 'सिव्हिअर' लिहून त्याचा शेवटचा 'ई' पुसा, मग 'अन्स' जोडा. 'आर' दोनच येतात.