छातींतील धडधड आणि तिचा साक्षीदार

कांहीं आजार असे खट्याळ असतात कीं, रोगी डॉक्टरांच्या दारीं पोहोंचतांच ते पाय काढतात. छातींतील धडधड ही त्यांपैकींच होय. आमच्या धाकट्या सुनेस दोन वर्षें हा त्रास होत होता. पोळ्या लाटतां लाटतां अकस्मात् हृदय धांवूं लागावें, दहापंधरा मिनिटें हातपाय गळावेत, आणि धडधड आली तशीच एकाएकीं थांबावी. दोनदां दवाखान्यांत नेऊन हृदयाचा आलेख काढविला. दोन्ही वेळां तो निर्दोष आला. मग घरांत ज्यानें त्यानें आपापलें निदान केलें. कोणी चहास दोष दिला, कोणी जागरणास. आणि पस्तीस वर्षें मुलांस शहाणपण शिकविलेले आम्ही "मुली, मन घट्ट कर" असा उपदेश करून मोकळे झालों. तो उपदेश चुकीचा होता, हें कबूल करण्यासाठींच हा लेख.

आलेख खोटा नव्हता. तो त्या क्षणापुरता खरा होता. पाऊस थांबल्यावर अंगणांत हात पसरून पाऊस पडलाच नाहीं म्हणावें, तशी आमची गत झाली. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीस जळू, सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली आहे. परंतु ती चाल ओळखावयास नाडी त्या वेळीं हाताखालीं असावी लागते.

हीच अडचण आतां एका लहानशा यंत्रानें पुष्कळशी दूर केली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं हॉलंडांतील लायडन येथें आइन्टहोव्हेन यांनीं हृदयाचा आलेख काढणारें यंत्र सिद्ध केलें. त्याचें वजन सुमारें २७० किलो होतें आणि रोग्यास हातपाय मिठाच्या पाण्यांत बुडवून बसावें लागे. या कार्यास १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज बोटभर लांबीची पट्टी पुरते. तिच्यावरील धातूच्या दोन चकत्यांवर दोन्ही हातांचीं बोटें अर्धा मिनिट ठेवलीं कीं फोनवर आलेख उमटतो.

चिरंजिवांनीं असें यंत्र आणलें. एके सायंकाळीं धडधड सुरू होतांच सुनेनें पोळपाट सारला, हात मांडीवर स्थिर ठेविले आणि न बोलतां आलेख घेतला. ठोके मिनिटास १८६! डॉक्टरांनीं तो पाहून सांगितलें कीं, हृदयांतील विजेस एक आडवाट सांपडली असून ती तेथेंच गोल फिरत राहते. दोष मनाचा नव्हे, वाटेचा आहे. औषधानें तो आवरतां येतो. किंवा शिरेंतून बारीक नळी नेऊन ती आडवाट जाळून टाकतां येते, व बहुतेकांस त्यानें कायमचा गुण येतो.

येथें दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली, यंत्र घरांत आल्यावर आम्हीच दिवसांतून दहादां बोटें ठेवूं लागलों आणि एखादा ठोका चुकला तरी रात्रभर तळमळूं लागलों. डॉक्टरांनीं आम्हांस सौम्य शब्दांत दटावलें. धडधड होईल तेव्हांच नोंद घ्यावी. वेळ, चाललेलें काम व घेतलेलें खाणेंपिणें वहींत लिहावें. रक्तक्षय वा थायरॉईडचा विकार आहे कीं काय, हें डॉक्टरांकडून पाहवून घ्यावें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हृदयविकाराचा झटका या यंत्रास ओळखतां येत नाहीं. छातींत कळ, दम, घाम किंवा घेरी असल्यास आलेख काढीत न बसतां १०८ क्रमांकास फोन करावा. यंत्र साक्षीदार आहे; न्यायाधीश डॉक्टरच.

निदान झालें त्या रात्रीं सून पाण्याचा तांब्या ठेवण्यास आली आणि हळूच म्हणाली, "मामंजी, आतां तरी खरें वाटलें ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिचा शब्द दोन वर्षें घरांतच होता. तो आम्हीं ऐकिला नाहीं, आणि कागदावरील वांकड्या रेघेवर मात्र तत्काळ विश्वास ठेविला. वाचकांच्या घरींहि कोणी धडधडीची तक्रार करीत असेल. यंत्र अवश्य आणावें. पण तें येईपर्यंत तिचें म्हणणें खरें मानून चालावें, एवढीच विनंती.