डांबराला थंडी वाजते तेव्हा

गाडीतला गालिचा कधी उचलून पाहिलाय? सीट काढून तो गुंडाळला की खाली रंगवलेला पत्रा दिसेल असं वाटतं. दिसतात ती जाडसर काळपट थिगळं, पत्र्याच्या प्रत्येक खळग्यात आणि उंचवट्यावर वितळून बसल्यासारखी. ती खरोखरच वितळून बसलेली असतात. कारखान्यात हे डांबरी तक्ते पत्र्यावर नुसते मांडून ठेवतात. मग गाडी रंग सुकवण्याच्या भट्टीतून जाते, आणि त्याच उष्णतेत तक्ते मऊ होऊन पत्र्याला घट्ट धरतात. एका भट्टीत दोन कामं!

आता हेच काढायचं ठरवा. रेसिंगसाठी गाडी हलकी करणाऱ्यांना ते काढायचं असतं. जुनी गाडी पुन्हा नवीसारखी करणाऱ्यांना खालचा गंज बघायचा असतो. पटाशी घातली तर ती रुतून बसते. हीट गनने तापवलं तर डांबर पाघळतं आणि पटाशीला, हाताला, बुटाला चिकटत अख्ख्या गाडीभर फिरतं. मग जगभरचे हौशी लोक उलटीच युक्ती करतात. थिगळांवर कोरडा बर्फ पसरतात, काही मिनिटं थांबतात आणि हातोडीने हलकेच ठोकतात. तड! मघाचा तो चिवट थर टणाटण फुटतो, त्याचे तुकडे हाताने उचलता येतात, आणि खालचा रंग बऱ्याचदा जिथल्या तिथे असतो.

मधल्या काही मिनिटांत डांबराचं काय झालं?

त्यासाठी आधी ते तिथे करत काय होतं ते पाहू. स्टीलची थाळी बोटांवर तोलून चमच्याने वाजवा. ती घुमत राहील. आता तिच्या पाठीला तळहात लावून वाजवा. ठक्, आणि संपलं. गाडीचा तळ म्हणजे अशीच एक मोठी थाळी आहे. जेमतेम मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहून पातळ पत्रा, वर इंजिनाची थरथर आणि खालून रस्त्याची खडखड. मोकळा सोडला तर तो दिवसभर घुमत राहील. डांबर त्याच्या पाठीला लावलेला तळहात आहे.

गंमत अशी की हा थर आवाज अडवत नाही, तो आवाज खातो. पत्रा सेकंदाला शंभर-दोनशे वेळा वाकतो, तेव्हा त्याला चिकटलेलं डांबरही ताणलं जातं, दाबलं जातं. पण डांबर आळशी आहे. पत्रा परत फिरला तरी ते अजून मागचाच ताण सोडत असतं. दोघांचा ताल चुकतो, आणि त्या चुकलेल्या तालात कंपनाची ऊर्जा मुरते. ती जाते कुठे? उष्णतेत. तुमच्या पायाखाली खडबडीत रस्त्याचा आवाज चिमूटभर ऊब होऊन विरत असतो! हर्मान ओबर्स्ट या जर्मन संशोधकाने १९५२ साली याचं गणित मांडलं. थर दुप्पट जाड केला की परिणाम दुपटीहून बराच जास्त वाढतो, हे त्यातून कळलं. असे थर तपासायची धातूची पट्टी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हा आळस किती खोल असावा? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबराचाच भाऊबंद असलेला पिच नावाचा काळा पदार्थ तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला. तीन वर्षं तो बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. हातोडी मारली तर हा पिच खळ्ळकन फुटतो. पण नरसाळ्यातून तो गळतो! पहिला थेंब पडायला आठ वर्षं लागली, आणि २०१४ पर्यंत पडले अवघे नऊ. पाण्यापेक्षा तो सुमारे २३ हजार कोटी पट दाट निघाला. १९६१ पासून या प्रयोगाची राखण करणाऱ्या जॉन मेनस्टोन यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही. २००० साली कॅमेरा लावला होता, ऐन वेळी तो बंद पडला. २०१३ मध्ये मेनस्टोन गेले, आणि पुढच्याच वर्षी नववा थेंब सुटला.

मग हा पदार्थ घन की द्रव? त्याला किती वेळ देता, त्यावर ते ठरतं. वर्षानुवर्षं द्या, तो वाहतो. हातोडीचा क्षण द्या, तो फुटतो. गाडीच्या कंपनांचा वेग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतो. तिथे डांबर ना धड वाहतं, ना धड उसळतं. रेंगाळतं, आणि त्या रेंगाळण्यातच त्याची सगळी कामगिरी आहे.

आता या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत भन्नाट वाटणारा भाग. डांबराच्या लेखी थंडी आणि घाई या एकच गोष्टी आहेत! थंडीत त्याचे रेणू इतके सुस्तावतात की एरवी पुरेसा वाटणारा वेळही त्यांना कमी पडतो. आणखी गारठवा, तर एका टप्प्यावर ते जागच्या जागी थिजतात. शास्त्रज्ञ या अवस्थेला काचच म्हणतात. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. त्याच्यापुढे डांबर कधीच तो टप्पा ओलांडून पलीकडे गेलेलं असतं.

एवढ्यावर भागत नाही. उन्हातल्या गाडीचा तळ शंभराहून जास्त अंशांनी गार होतो तेव्हा पत्रा आणि डांबर दोन्ही आक्रसतात, पण डांबर पत्र्याच्या कित्येक पट. एरवी ते थोडं सरकून निभावून नेतं. आता सरकणं बंद! ताण सगळा दोघांच्या जोडावर येतो आणि हातोडी लागण्याआधीच थर तडतडू लागतो. हातोडी फक्त शेवटचा शब्द बोलते. याच कामासाठी लावल्या जाणाऱ्या ब्यूटाइल रबराच्या, वरून फॉइल लावलेल्या पट्ट्यांवर मात्र ही जादू नीट चालत नाही, कारण ते रबर काचेसारखं व्हायला उणे ७० च्या आसपास जावं लागतं. कोरड्या बर्फाला तिथे जेमतेम आठ-नऊ अंशांची सवड उरते.

आणि बर्फ? तो वितळून पाणी होत नाही, थेट हवेत जातो. गालिचाखाली ओल राहत नाही ही मोठीच सोय. पण हिशेब करून बघा. १ किलो कोरड्या बर्फाचा पाचशे लिटरांहून जास्त वायू होतो, आणि लहान गाडीची आतली जागा असते साधारण ३ हजार लिटर. पाच-सहा किलो बर्फ म्हणजे गाडीभर वायू! तो हवेहून दीडपट जड, त्यामुळे तळातच साचतो, आणि हातोडी मारणाऱ्याचं डोकं नेमकं तिथेच वाकलेलं असतं. म्हणून हे काम उघड्यावर, चारही दारं सताड उघडी ठेवून आणि जाड हातमोजे घालूनच करायचं. तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. उरलेला बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा नाही, डबा फुटतो.

एवढं करून वाचतात काही किलो. शर्यतीच्या गाडीला ते सोन्याच्या मोलाचे, पण रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीतून थिगळं काढणं म्हणजे विकतची डोकेदुखी. गंज लागला असेल तर गोष्ट वेगळी. थराची कड सुटली की तिच्याखाली पाणी अडतं, आणि कोकणासारख्या दमट हवेत ते लवकर वाळत नाही. तेव्हा यंदाचा पावसाळा संपला की गाडीतली मॅट उचला, गालिचा हाताने दाबून बघा. ओला लागला तर थिगळांच्या कडाही तपासा.